शनिवारची मूठ

अंकासाठी लिहा असा निरोप आला आणि मी हो म्हणून बसले. नोकरीतल्या गमती लिहा, असंही सांगितलं होतं. वीस वर्षं बालवाडीत काढल्यावर गमतींना काय तोटा? पण वही उघडली आणि गंमत बाजूला राहिली, आधी आठवला तो एक पत्र्याचा डबा. तुपाचा, रंग उडालेला, कडी लावलेला. म्हटलं, ये बाबा, तुझंच आधी लिहिते. इतकी वर्षं मला तुझा उलगडा झालेला नाही, लिहिता लिहिता झाला तर झाला.

मी काही फार शिकलेली नाही. सातवीनंतर शाळा सुटली, लग्न होऊन नाशकात आले, दहावी बाहेरून दिली ती थोरला पोटात असताना. आमचे हे ओझरच्या कारखान्यात, सकाळी साडेसहाची बस. मखमलाबाद रस्त्याला तेव्हा मळेच मळे होते. मेथी, कोथिंबीर, झेंडू, शेवंती. पहाटे सगळं घर मार्केटला आणि पोरं बांधावर. तिथल्या देवळाच्या मंडपात एका संस्थेनं बालवाडी काढली. मुलाखतीत विचारलं, "मुलांना काय शिकवाल?" मी म्हटलं, "आधी नाकं पुसेन." साहेब हसले आणि मी लागले. नव्वदच्या आसपासची गोष्ट.

बालवाडी म्हणजे नुसती गाणी, असं बाहेरच्यांना वाटतं. खरं काम निम्मं पोटाचं आणि निम्मं चड्डीचं. तीन ते सहा वर्षांची तीस-पस्तीस पोरं. जून महिनाभर रडारड. मग हजेरी, वजनं, नखं बघणं, खिचडी. खिचडी आमच्या हौसाबाई शिजवायच्या. हौसाबाई म्हणजे आमच्या मदतनीस. मळ्यातल्याच. मी बाहेरची, त्या आतल्या. बालवाडी माझ्या नावावर होती, चालवत त्याच होत्या म्हटलं तरी चालेल.

दर महिन्याला संस्थेकडून एक विषय यायचा. रंग, फळं, पाळीव प्राणी. एकदा आलं, 'गरजूंना मदत करणे.' आंब्याचं चित्र दाखवता येतं, गरजूचं काय दाखवायचं? मी पोरांना सांगितलं, "ज्याला एखादी वस्तू हवी आहे पण त्याच्याकडे ती नाही, तो गरजू."

लगेच एक उठला. "बाई, मला सायकल पाहिजे. मी गरजू."

"मी पण! मला बाहुली!"

दोन मिनिटांत पटावरची सगळी पोरं गरजू झाली. हौसाबाई चुलीजवळून म्हणाल्या, "बाई, मला बी मांडा त्यात."

मग मी म्हटलं, असं नाही, बघा, ज्याच्या पायात चप्पल नाही, ज्याचे कपडे फाटलेत. ही माझी पहिली चूक. चार दिवसांनी एक आजोबा तणतणत आले. नातवानं रामकुंडावर आजोबांची नवी कोल्हापुरी एका अनवाणी माणसाला देऊन टाकली होती.

"अहो बाई, तो माणूस नवसाचा अनवाणी होता! त्याच्या गळ्यात हे एवढं सोनं!"

"मग चप्पल परत मिळाली का?"

"तो बिचारा मलाच हुडकत बसला होता. म्हणला, घ्या तुमची वहाण, माझा नवस मोडाल."

आणि एक ट्रॅक्टरवाले काका होते, तीन मळ्यांचे मालक. अंगात कायम फाटका बनियन. आमच्या पोरांनी त्यांना रस्त्यात गाठून विचारलं, "काका, तुम्ही गरजू आहे का?" काका हसत हसत मंडपात आले. "बाई, पोरांना सांगा, मळ्यात काम करताना मी फाटकंच घालतो. घरी चांगलं हाय." पण पुढे आठ-पंधरा दिवस ते बालवाडीवरून जाताना सदरा घालून जायचे, हे मी पाहिलंय.

तर गरजू दिसतो कसा हेच मला नीट सांगता येईना. म्हटलं, बोलणं राहू दे, हातानं काहीतरी करू. त्यातून ही शनिवारची मूठ निघाली. दर शनिवारी प्रत्येक पोरानं घरून मूठभर धान्य आणायचं. स्वतःच्या मुठीनं, आईच्या नाही. बाजरी, तांदूळ, डाळ, जे असेल ते. मंडपात डबा ठेवलेला. एकेकानं येऊन त्यात मूठ सोडायची. मग वस्तीतलं एक घर ठरवायचं, कुणी आजारी, कुणी एकटं, आणि डबा तिथे ठेवून यायचं. सोमवारी हौसाबाई जाऊन डबा परत आणायच्या. पोरांना हे फार आवडलं. धान्य पत्र्यावर पडतं तेव्हा आवाज होतो ना, त्या आवाजासाठीच अर्धी पोरं शनिवारी लवकर यायची.

सोमवारी डबा यायचा तेव्हा त्यात कधी हिरव्या मिरच्या असायच्या, कधी चिंचेचं बोटुक, एकदा तर नुसती चार तुळशीची पानं. मला वाटायचं, हौसाबाईंनी आपल्या घरचं काही त्यात टाकून आणलं. मी विचारलं नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता निमी. निर्मला, पण निमीच म्हणायचे सगळे. पाच पूर्ण, जूनला पहिलीत जायची. घरी आजी, भागाबाई. बाप नव्हता. आई द्राक्षाच्या कामाला दिंडोरीकडे जायची ती हंगामभर तिकडेच राहायची. आजी घरी हार ओवायची. फुलवाला पोतं टाकून जायचा, हिनं ओवून ठेवायचे. पण त्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांवर साऱ्याचा पडदा आला आणि सुई दिसेना. पोतं यायचं बंद झालं.

निमी शनिवारी रांगेत पुढे असायची. यायची, मूठ मनगटापर्यंत डब्यात घालायची आणि आतच उघडायची. आवाज व्हायचा नाही. मूठ रिकामी असायची. मी दोन-तीन शनिवार पाहिलं आणि बोलले नाही. वाटलं, बघा आपण किती समजूतदार, पोरीचं झाकून घेतलं. झाकून घेतलं हे खरं. पण नुसतं झाकून काय मिळवलं, तिला चार दाणे आधी हळूच हातात देता आले असते की, हे तेव्हा सुचलं नाही. की तेही चुकलंच असतं? बघा, इथूनच माझा गोंधळ सुरू होतो.

संक्रांत झाली होती. संस्थेच्या मॅडम तपासणीला यायच्या होत्या आणि नेमका शनिवार. त्यांना आमच्या मुठीचं कौतुक कुणीतरी सांगितलं होतं. मला काय तो उत्साह! पोरांना तेल-पावडर, दोन रांगा, एक मदतीचं गाणंसुद्धा बसवलं. मॅडमसमोर मी विचारलं, "सांगा मुलांनो, आज आपण कुणाला मदत करायची?"

निमीनं हात वर केला. अगदी ताठ.

"माझ्या आजीला द्या. तिला दिसत नाय आणि घरात पीठ बी नाय."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी. माझी छाती ही एवढी. मी शिकवलं होतं ना, गरजू ओळखा म्हणून. पोरीनं ओळखला. काढली वरात. गाणं म्हणत, टाळ्या वाजवत, गल्लीतून. बायका दारात येऊन बघत होत्या. निमी सगळ्यांत पुढे, डब्याची कडी धरून.

भागाबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. आवाज ऐकून उठल्या, पदर सारखा केला. पोरांनी डबा पुढे ठेवला. मॅडमनी चार शब्द सांगितले. भागाबाईंनी सगळ्यांना हात जोडले आणि मग खाली वाकून, हळू आवाजात निमीला एवढंच विचारलं, "तू सांगितलंस व्हय गं?"

निमीनं मान हलवली. खुशीत. मी ते पाहिलं आणि मला वाटलं, आजीला भरून आलं.

सोमवारी हौसाबाई नव्हत्या. लेकीच्या बाळंतपणाला विंचूरला गेल्या होत्या. म्हणून डबा आणायला मी गेले.

"बसा की बाई," भागाबाई म्हणाल्या. "डबा उद्या देते."

"अहो, असू द्या, मी आलेच आहे तर घेऊन जाते."

"जरा थांबा तर. पोरगी येतीच आता."

मला घाई. घरी हे दुपारचे येणार होते, भाकरी व्हायची होती. फळीवर डबा दिसला. मी आपल्या हातानं काढला. आत पीठ-कोंडा लागलेला होता, तर उंबऱ्यावर जाऊन उलटा केला आणि बुडावर दोन थापा मारल्या. चांगल्या जोरात. "झालं, स्वच्छ," म्हणून निघाले. गल्लीच्या तोंडाशी निमी धावत येताना भेटली. मूठ आवळलेली. माझ्या हातातला डबा बघून थबकली. मी म्हटलं, "उद्या लवकर ये हं," आणि गेले.

दुसऱ्या दिवशी निमी आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. शनिवारीही नाही.

आमच्याकडे नियम होता, सलग महिनाभर पोर आलं नाही की पटावरून नाव कमी. आणि पलीकडच्या शाळेत पहिलीचे प्रवेश आमच्या पटावरून व्हायचे. निमीचं नाव गेलं असतं तर जूनला तिच्या घरी बोलवायला कुणी गेलं नसतं. आई हंगामाला, आजीला दिसेना. पोर घरात राहिली असती आणि वर्षा-दोन वर्षांत आईबरोबर द्राक्षाच्या बागेत गेली असती. अशा कितीतरी गेलेल्या मी पाहिल्या होत्या.

मी घरी गेले. एकदा, दोनदा, तीनदा. भागाबाई पाणी द्यायच्या, गूळ नाही म्हणून दिलगिरी दाखवायच्या. "पोरीला बरं नाय." पोर दाराआड, मला तिची बोटं दिसायची. मी म्हणायचे, निमे, ये की, नवीन गाणं घेतलंय. बोटं आत जायची. मी माफीसुद्धा मागितली. म्हटलं, वरात काढायला नको होती, माझं चुकलं. भागाबाई म्हणाल्या, "चुकलं कुठं, पोरांनी पुण्यच केलं." चेहरा दगड.

तेवीस दिवस झाले तेव्हा हौसाबाई परत आल्या. मी सगळं सांगितलं. वरातीचं ऐकून त्या कसंनुसं हसल्या. डब्याचं सांगितलं तर हातातली पळी खाली ठेवली.

"रिकामा घेऊन आलात?"

"मग? भरलेला कसा आणणार?"

"आणि वर थापा मारल्या?"

"अहो, कोंडा होता."

"बाई, बाई!" त्यांनी कपाळाला हात लावला. "आमच्यात घरातनं आलेलं भांडं कोणी रिकामं देतं का? मिरची टाकू, पान टाकू, काय बी टाकू. ते टाकलं म्हंजे तुमचं-आमचं सारखं झालं. तुम्ही उलटा करून झाडून आणलात. सगळ्या गल्लीला दाखवलं, हिच्याकडं टाकायला बी काय नाय म्हणून."

तेव्हा कुठे मिरच्या, चिंच, तुळस, सगळं डोळ्यांपुढे आलं. आणि निमीची आवळलेली मूठ. ती शेजारून काहीतरी मागून आणत होती, डब्यात टाकायला. काय होतं तिच्या मुठीत, मला आजतागायत माहीत नाही.

माझं माहेर घोटीकडे. तिकडे दर वर्षी नवा तांदूळ निघाला की भाऊ अर्धं पोतं पाठवतो. भांडी रिकामी न देणं आमच्याकडेही आहेच की हो! आईनं आयुष्यभर तेच केलं. पण बालवाडीचा डबा म्हणजे सरकारी-दरबारी वस्तू, ते काही घरचं भांडं नव्हे, असं माझ्या डोक्यात कधी शिरलं, कुणास ठाऊक. नोकरीला लागल्यावर माणूस स्वतःचंच विसरतो की काय.

तोच डबा तांदळानं भरला आणि एकटीच गेले.

"आता हे कुणी सांगितलं?" भागाबाईंनी विचारलं. "निमीनंच का?"

"कुणी नाही. माझ्या माहेरचा तांदूळ. वानवळा आणलाय."

"वानवळा शेजारी देत्यात. सोयरे देत्यात. तुम्ही कुठं शेजारी?"

"मग मी कोण?"

"बाई."

मग आपलं काहीतरी म्हणायचं म्हणून म्हटलं, "बघा तरी, जुना आहे का नवा. मला काही कळत नाही."

हे खोटं होतं. भातशेतीतली मी, मला कळणार नाही? त्यांनी डब्यात हात घातला, चार दाणे दातांखाली धरले. "नवा हाय. पाणी कमी घाला, नायतर गिच्च व्हईल." मग म्हणाल्या, "भात शिजवता येतो ना तुम्हाला?"

"येतो."

"शिजवता येतो आणि तांदूळ कळत नाय. बाई, तुम्ही लय बोलता आणि खोटं बोलता." पण डबा त्यांनी आत सरकवला. "डबा राहू द्या. मागायला येऊ नका."

"नाही येत."

"कोणाला पाठवू बी नका."

"नाही."

पुढचं आधी सांगून टाकते. वराती मी बंद केल्या, गाणंही बंद. नंतर दोनच पोरं जाऊन गुपचूप डबा ठेवायची, परत आणतानाही तीच आणि डब्यात काय आलं ते सगळ्यांना दाखवायची. लिंबू आलं की टाळ्या. मॅडमना हे काही पसंत पडलं नाही. म्हणाल्या, मदत करणाऱ्यानं परतीची अपेक्षा ठेवू नये, मुलांवर चुकीचा संस्कार होतो. मला त्यांचंही पटलं. हौसाबाईंचंही पटत होतं. त्यानंतर नोकरी संपेपर्यंत दर वर्षी तो मदतीचा महिना आला की माझी त्रेधा उडायची. दुसऱ्याच्या घरात काय नाही ते बघायला पोरांना शिकवायचं की नाही? बघितलंच नाही तर मदत कशी करणार? आणि बघितलं, चारचौघांत सांगितलं, तर काय होतं ते मी पाहिलेलं. नव्या बाया शिकायला यायच्या, विचारायच्या, "ताई, हा धडा कसा घेता?" मी म्हणायचे, "घेते कसाबसा."

निमी आता कुठे असते, कल्पना नाही. मळे गेले, इमारती आल्या, ती गल्लीही राहिली नाही.

तर, मी डबा मागायला गेले नाही. एक दिवस, दोन दिवस. शनिवार आला, पोरं मुठी घेऊन आली आणि डबा नाही. "बाई, डबा कुठंय?" "येईल." त्यांच्या मुठी मी पातेल्यात घेतल्या. आवाज झाला, पण तो नव्हे. एकोणतिसाव्या दिवशी मी हजेरी घेतली, निमीच्या नावापुढे गैरहजरची फुली मारली आणि वही मिटली नाही, तशीच उघडी ठेवली. हौसाबाई म्हणाल्या, "एक दिवस हाजिर मांडा की, कोण बघतंय?" पेन हातात घेतलं होतं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात मंडपाच्या पायरीशी कडी वाजली.

निमी. एका हातात डबा. दुसऱ्या हाताची मूठ आवळून छातीशी धरलेली. घामाघूम. इतका मोठा डबा तिनं एका हातानं, गुडघ्यावर आपटत, अख्ख्या गल्लीतून आणला होता.

मी डबा घ्यायला पुढे झाले. आत डोकावले. रिकामा. म्हटलं, आता आजीनं माझी परतफेड केली, तसाच झाडून पाठवला.

"बाई, हात नका लावू," निमी म्हणाली. "त्यात टाकायचंय ते माझ्यापाशी हाय."

"मग डब्यातच घालून आणायचं ना, वेडे. दोन्ही हात मोकळे राहिले असते."

"आजी पण तेच म्हणली." ती माझ्याकडे अशी बघत होती, की बाईंना एवढंही कळू नये. "मग माझी मूठ कशी कळली असती?"

तिनं डबा मधोमध ठेवला. सगळी पोरं भोवती गोळा झाली. या वेळी तिनं हात आत घातला नाही. डोक्याच्या वर नेला, टाचा उंच केल्या आणि मूठ हळूहळू सोडली. तांदूळ होता. माझ्याच माहेरचा. रिकाम्या पत्र्यावर तो असा वाजला, की चुलीपाशी हौसाबाईंनी मान वर केली.

मी हजेरीची वही पुढे ओढली. निमी अजून डब्यापाशीच उभी होती. घामानं पाच-सहा दाणे तिच्या तळहाताला चिकटून राहिले होते. ते ती एकेक करून नखानं सोडवत होती आणि डब्यात टाकत होती, प्रत्येकाचा आवाज ऐकून मगच पुढचा.